जानकीबायच्या होडीवरचे वाक्य

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला तोवर नीट ठरवता आले नव्हते; पण देवाबद्दलच्या वाक्यांवर तो नाही, एवढे नक्की होते. मी शाळेत चित्रकला शिकवत असे. अक्षर बरे, म्हणून भिंतींवर सुविचार रंगवण्याचे काम आपसूक माझ्या गळ्यात पडले. ‘सत्य कधी लपत नाही’ हे वाक्य मी ज्या भिंतीवर लिहिले, तिला मोठी ओल आली होती, आणि ती लपावी म्हणूनच मुख्याध्यापकांना तेथे सुविचार हवा होता. ‘परोपकार हाच धर्म’ या वाक्याखाली पाण्याचा माठ असे. त्याच्या पेल्याला साखळी होती. अशी वाक्ये वर्षानुवर्षे रंगवणाऱ्याचा भाव उडाला तर त्याला फार दोष देऊ नये.

तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम सुरू झाले होते, ती ही वर्षे. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. शिरगावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. मी, पत्नी सुशीला आणि सहा वर्षांची मुलगी नलू. सायकलने जाण्याइतक्या अंतरावर खाडीकाठी एक कोळीवाडा होता. त्याचे नाव सांगत नाही. पुढे एका पुढाऱ्याची गोष्ट यायची आहे आणि त्यांचे नातेवाईक पुष्कळ आहेत. नारळी पौर्णिमा जवळ आली की तेथल्या होड्या नव्याने रंगत, आणि पुढच्या टोकाजवळच्या फळीवर एखादे वाक्य लिहून घेण्यासाठी लोक मला बोलावीत. मागणी बहुतेक एकाच वाक्याला: ‘देव तारी त्याला कोण मारी’. ते मी इतक्या वेळा लिहिले होते की हात लिहीत असे आणि मी दुसराच काही विचार करत असे.

“इतक्या होड्यांवर एकच वाक्य,” मी एकदा म्हणालो, “देवाला कुणाची कोणती ते कळायचं कसं?”

“देवाला वाचाया येतं का, मास्तर?” एकाने विचारले. “तो होडीवाल्याला वळखतो.” सगळे हसले. मीही हसलो, पण थोडे उशिरा.

त्या वर्षी जानकीबाय आली. नवऱ्यामागे तिने होडी स्वतः चालवायला घेतली होती. पांडू आणि आणखी एक असे दोन दीर वल्ही मारीत, आणि ही सुकाणू धरून दोघांनाही शिव्या घाली. फळीला तिने ताजा निळा रंग दिला होता. काय लिहू, असे मी विचारले.

“तुमाला जे खरं वाटतं ते लिवा.”

“मला कशाला? होडी तुमची.”

“सगळ्यांचं लिवताना तुमी हसता. मी बघते ना. आता न हसता एक लिवा.”

“आणि नाही सुचलं तर?”

“मग होडी ऱ्हाईल इथंच. अक्षरं नाय तर आमच्या घरची होडी पान्यात जात नाय. मालक होते तवापासनं नेम हाय.”

मला वाटले, अर्ध्या तासाचे काम. पण ब्रश हातात घेतला आणि अडकलो. ‘अखेर सत्याचाच विजय होतो’ हे लिहिणार, तोच आमच्या शाळेतली बढती कुणाला मिळाली ते आठवले. ‘चिंती परा ते येई घरा’ घ्यावे, तर परक्याचे वाईट चिंतून स्वतःचे घर दुमजली केलेले दोन गृहस्थ मला प्रत्यक्ष ठाऊक होते. ‘मनी नाही भाव, देवा मला पाव’ हे मात्र अगदी खरे वाटले. पण ते माझ्याबद्दल होते, दुसऱ्याच्या होडीवर कसे लिहिणार? दोन-तीन दिवस मी रोज संध्याकाळी जाऊन त्या कोऱ्या फळीसमोर बसत होतो. पांडू येऊन फळीकडे बघे, माझ्याकडे बघे आणि म्हणे, “मास्तर, रंग वाळला. आता तुमी वाळाल.”

पौर्णिमा उजाडली तरी फळी कोरीच होती. सकाळीच कोळीवाडा फुलला होता. होड्यांना पताका, बायकांच्या अंबाड्यांत फुले, सोनेरी कागदात गुंडाळलेला मानाचा नारळ. आणि या सगळ्याच्या मध्यभागी पुढारी. त्यांनी या वर्षी सोहळ्याला शोभा आणायचे ठरवले होते. बोईसरहून कर्णा आला होता, बांधकामावरचे काही साहेबलोक पाहुणे म्हणून आले होते, आणि पुढाऱ्यांच्या मोठ्या होडीवर मीच, त्यांच्या आज्ञेवरून, नेहमीचे वाक्य सोनेरी रंगात लाल छाया देऊन काढले होते. त्या होडीत पाहुण्यांबरोबर मास्तरांच्या घरच्यांनाही मान होता. मी जाणार नाही म्हणालो. भाषण जमिनीवर ऐकवत नाही, ते पाण्यात कोण ऐकणार?

“तुम्ही बसा वाक्य शोधत,” सुशीला म्हणाली. “आम्ही समुद्र बघून येतो.” नलू तर केव्हाच होडीत चढून पताकेला लोंबकळत होती.

मी जानकीबायच्या होडीजवळ वाळूत बसलो. भरती काठोकाठ आली होती. नारळ वाहून त्याच पाण्यावर सगळ्यांनी बाहेर एक फेरी मारून यायचे, अशी रीत. पण कर्णा खरखरला आणि पुढारी बोलू लागले. सत्य, सेवा, श्रद्धा, मनुष्यस्वभाव. मी आजवर ज्या ज्या भिंतीवर जे जे लिहिले होते ते सगळे त्या भाषणात येऊन गेले. एक म्हातारा दोनदा पुढे झाला. “साहेब, पानी फिरलं,” तो म्हणाला. पुढाऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवले आणि आणखी दोन शब्द सांगतो म्हणाले. इतर होड्या कंटाळून निघाल्या, खाडीच्या तोंडातून बाहेर पडल्या, दूर समुद्रात पोचल्या. मोठी होडी निघाली तेव्हा ओहोटी जोरात लागली होती आणि समोरून वारा सुटला होता.

खाडीचे पाणी बाहेर धावत असते आणि वारा लाटा आत ढकलत असतो, तेव्हा खाडीच्या तोंडाशी काय होते, हे घाटावरच्या माणसाला ठाऊक नसते. मी पाहत होतो ते कौतुकानेच. होडी तोंडाशी पोचली, पुढाऱ्यांनी नारळ उंच धरला, तो पाहायला सगळे पाहुणे एका बाजूला सरकले, आणि आडवी लाट आली. आवाज काहीच ऐकू आला नाही. होडी होती, पताका होत्या, आणि मग पताका नव्हत्या.

माझ्या तोंडून जे निघाले ते ‘देवा’ होते. मी ते म्हणायचे ठरवले नव्हते. इतकी वाक्ये पाठ असलेल्या माणसाला त्या क्षणी तेवढा एकच शब्द येत होता आणि तोच तो पुन्हा पुन्हा ओरडत होता.

बाहेरच्या होड्या वळल्या, पण वाहत्या ओहोटीवर चढून यायला त्यांना वेळ लागणार होता. खाडीच्या आत, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, एकच होडी शिल्लक होती. कोरी फळी असलेली.

मी जानकीबायकडे पाहिले. तिच्या घरचा नेम मला आठवला. तिने नेमाचा विचार केला की नाही, मला माहीत नाही, तिने पदर कमरेला खोचला होता आणि ती ओरडत होती, “पांडू, लाव खांदा! मास्तर, बगता काय, ढकला!”

“पण अक्षरं—” मी म्हणालो. असला मूर्खपणा शिक्षकालाच सुचू शकतो.

“अक्षरं मागनं! आदी मानसं!”

आम्ही ढकलली. बायका धावल्या, पाहुण्यांचे ड्रायव्हर धावले, होडी ओल्या वाळूवरून घसरत पाण्यात गेली आणि मी तिच्यात कसा पडलो ते आठवत नाही. जी ओहोटी बाहेरच्यांना आत येऊ देत नव्हती, तीच आम्हाला बाणासारखी घेऊन निघाली. मी उठायला गेलो की जानकीबाय गरजे, “खाली बसा, उबं नका ऱ्हाऊ!” आणि मी बसे. लाटा आल्या. होडी उभी राहिली, आदळली, पुन्हा उभी राहिली. आणि मग मला माझेच अक्षर दिसले.

मोठी होडी उलटी तरंगत होती. एका बाजूने ती लाटेवर वर आली की फळी दिसे, आणि फळीवर सोनेरी, लाल छायेचे, उलटे झालेले ‘देव तारी त्याला कोण मारी’. लाल छाया वर आणि सोने खाली. माणसाचे मन किती विचित्र असते पाहा. छाया आता चुकीच्या बाजूला पडते आहे, हे माझ्या लक्षात आले. आणि त्या अक्षरांच्या वर, होडीच्या पाठीवर, सुशीला नलूला घट्ट आवळून बसली होती.

“बाय, पोर दे आदी!” जानकीबायने सुकाणूवरूनच हाक दिली. पांडूने वल्हे टाकून नलूला उचलले आणि माझ्या अंगावर अक्षरशः फेकले. मग सुशीला आली. मग एकेक करून इतर. कुणी दोर धरलेले, कुणी वल्हे, कुणी एकमेकांची मान. खाडीच्या तोंडाला वाळूचा दांडा होता, तेथे त्यांना उतरवून आम्ही पुन्हा पाण्यात शिरलो. तोवर बाहेरच्या होड्याही येऊन भिडल्या. सगळे वाचले. पुढारीही वाचले, सोनेरी नारळ तेवढा मुठीत पक्का होता, आणि मी त्यांना प्रथमच गप्प बसलेले पाहिले.

दांड्यावर नलू समुद्राचे पाणी ओकली, रडली आणि मग म्हणाली, “बाबा, परत होडीत जायचं?” मी वाळूत बसलो. सुशीला शेजारी येऊन बसली. आम्ही दोघे कुडकुडत होतो आणि का कोण जाणे, हसत होतो.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. पुढारी बोलत राहिले म्हणून पाणी फिरले. मी लिहू शकलो नाही म्हणून होडी काठावर राहिली. मी पहिल्याच दिवशी काहीतरी खरडले असते, तर ती होडीही इतरांबरोबर समुद्रात दूर गेली असती. माझ्या अविश्वासाचा मला थोडा अभिमान होता. तो माझा आहे, मी तो विचार करून मिळवला आहे, असे वाटे. आणि त्याच अविश्वासाला कुणीतरी त्या दिवशी कामाला लावले, मला न विचारता. याला योगायोग म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. पूर्वी मीच तो वाद जिंकत असे.

समुद्र निवळल्यावर मी रंगाचे डबे घेऊन जानकीबायकडे गेलो. आता मला खरे वाटणारे वाक्य मिळाले होते, आणि ते तिचेच होते. कोऱ्या फळीवर मी खडूने सुरेख अक्षरांत रेखाटले: ‘आधी माणसे’. तिला वाचून दाखवले.

“बरं हाय,” ती म्हणाली. मग फळीकडे जरा बघत राहिली. “पन ते लिवायचं कशाला, मास्तर? ते तर करायचं असतं.”

“मग काय लिहू?”

“जे आपल्या हातात नाय ते लिवा. सगळ्यांचं हाय तेच.”

“तेच? ते उलटं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं, जानकीबाय.”

“मग? तुमची बायको कशावर बसली व्हती?”

पांडू खो खो हसला. मी ओल्या फडक्याने खडू पुसला. माझे एवढे एकच स्वतःचे, खरे, कमावलेले वाक्य असे फडक्यावर आले, आणि नवल म्हणजे मला हलके वाटले. छाया दिली नाही, सोने लावले नाही. साध्या पांढऱ्या रंगात ते जुने, झिजलेले वाक्य लिहायला घेतले. इतकी वर्षे हात लिहीत असे आणि मी दुसरीकडे असे. त्या दिवशी मी प्रत्येक अक्षरापाशी होतो. ‘तारी’ लिहिताना थांबावे लागले, कारण फळी दिसेनाशी झाली. जानकीबायने ते पाहिले असावे, कारण तिने पांडूला उगाचच एक शिवी दिली आणि पलीकडे पिटाळले. मी डोळे पुसून पुढची अक्षरे पुरी केली. मग तिने नारळ फोडला, पहिला तुकडा होडीला दिला, दुसरा मला.

घरी पोचलो तेव्हा नलू दारातच होती. माझ्या बोटांवरचा पांढरा रंग बघून तिने विचारले, “काय लिहिलंत?”

मी सांगितले.

“तेच? परत?”

“तेच,” मी म्हणालो. “परत.”