वहिनींच्या चौदा बश्या

वहिनींनी चौदा बश्यांत वाढवलेली बुरशी मी साबणाने घासून लख्ख धुऊन टाकली. स्वतःचा चहाचा कप आठवडाभर न विसळणाऱ्या माणसाला नेमकी त्याच दिवशी मदतीची उबळ आली.

वहिनी जनावरांच्या डॉक्टर. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर लोक भिंतीवरची चित्रं बघतात. वहिनी पायपुसणं उलटं करून हुंगतात. या बश्यांत त्यांनी शिंपीकाकांच्या दुकानातल्या चौदा जागांची बुरशी पंधरा दिवस जपली होती. कारण काकांचा कुत्रा, काजा; त्याला खाज कशाची सुटते ते त्यांना शोधायचं होतं. खाजवून खाजवून त्याच्या पाठीवर चार बटणं टाकता येतील एवढी मोकळी जागा झाली होती. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना केस चिकटायचे ते वेगळंच.

"महिनाअखेर मेहुण्याकडे सोडतो त्याला," काका म्हणाले आणि सुईत दोरा ओवताना तीनदा चुकले.

"आपण पुन्हा वाढवू की बुरशी," मी वहिनींना म्हणालो.

"बारा दिवस उरलेत. बुरशी तुमच्यासाठी घाई करणार नाही, भावोजी."

मग मला शिक्षा झाली. काजा माझ्या खोलीत राहायला आला. आठवड्यात त्याचं खाजवणं थांबलं, म्हणजे भानगड दुकानातच होती. आता मी रोज दुकानातली एकेक वस्तू खोलीत आणायची आणि काजाला तिच्याशेजारी ठेवून बघायचं. चिंध्यांचं गाठोडं आणलं, काजा घोरला. इस्त्रीखालचं कांबळं आणलं; आणखी घोरला. कोट चढवलेला पुतळा आणला, तेव्हा घाबरून माझ्या पांघरुणात शिरला आणि मला जमिनीवर झोपावं लागलं.

चौथ्या दिवशी काकांच्या खुर्चीवरची उशी आणली. संध्याकाळी काजाचा मागचा पाय शिलाई मशीनसारखा सुरू.

वहिनींनी उशी उसवली. आत कापूस काळाहिरवा. इस्त्रीसाठी शिंपडलेलं पाणी वर्षानुवर्षं तिच्यात मुरत होतं, आणि काका दुपारी जेवायला गेले की काजा तिच्यावर ताणून द्यायचा.

"नुसतं औषध दिलं असतं तर खाज दबली असती," वहिनी काकांना म्हणाल्या, "आणि उशी तशीच राहिली असती. बिचाऱ्याला बुरशीच सोसत नाही."

काकांनी तिथेच नवी उशी शिवायला घेतली. दोरा पहिल्या झटक्यात ओवला. काजा त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडला होता.

मला भलताच चेव चढला. "वहिनी, म्हणजे मी बश्या धुतल्या ते बरंच झालं की."

"मग आता स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा तुमचा कपही धुवा, त्यात उगवलंय ते मी लावलेलं नाही."