डाव्या शिवणीतली माया

पडदा वर जातो. दारव्ह्याच्या आठवडी बाजारामागची अरुंद बोळ. एका अंगाला पिठाची गिरणी, दुसऱ्या अंगाला बांगड्यांचं दुकान आणि मधोमध आठ बाय दहाची पत्र्याची खोली. दुपारचे चार. आत तारेवर पन्नास-साठ ब्लाउज टांगलेले, प्रत्येकाच्या हुकाला नावाची चिठ्ठी. तारेखाली पायाचं मशीन आणि मशीनवर एक ठेंगणी, काटक बाई. कपाळावर गोंदण, गळ्यात माप घ्यायची टेप, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या तोंडात असूनही ती बोलते, आणि समोर बसलेल्या चार बाया हसत असतात.

ही रुपीबाई. लेडीज टेलर. तीस वर्षं तालुक्यातल्या निम्म्या बायांचे ब्लाउज तिनं शिवले.

एकोणीस वर्षांची असताना लग्न होऊन ती इकडच्या तांड्यावर आली. नवरा खेमसिंग सालभर कुठे ना कुठे मजुरीला. हिनं माहेरहून कांचळीवर, म्हणजे बंजारा चोळीवर, आरसे बसवायची कला आणली होती, त्या जोरावर मशीन शिकली. आमच्या नाटक मंडळीला त्या काळी पोशाख सांभाळणारं कुणी नव्हतं. मी तिला विचारलं, आणि ती धाकटी लेक रंजिता कडेवर घेऊन आमच्या गाडीत येऊन बसली. दिग्रस, पुसद, उमरखेड, जिथं प्रयोग तिथं रुपीबाई. ढाणकीच्या प्रयोगात राणीच्या प्रवेशाला अर्धं मिनिट उरलं असताना माझा ब्लाउज पाठीवर उसवला. तिनं विंगेत मला उभ्या उभ्या त्यात शिवून टाकलं, दातानं दोरा तोडला आणि कानात म्हणाली, "राणीसाहेब, आज श्वास जरा कमी घेजा." त्या रात्री मला टाळ्या पडल्या. तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

मंडळी बंद पडली. आम्ही नट घरी बसलो. रुपीबाई मात्र त्याच मशीनवर उभी राहिली, दोन मुलं शिकवली, रंजिताचं लग्न पुसदला करून दिलं. माझी दुपार तिच्या दुकानातच जायची. तिथं चहा फुकट आणि गप्पा नाटकापेक्षा सरस.

बायांचं अंग तिला वाचता यायचं. कुणी वाळलं, कुणी सुजलं, कुणाला दिवस गेलेत, हे टेप लावायच्या आधी कळायचं. एकदा एका मास्तरीणबाईंचा ब्लाउज एकाच बाजूनं ओढला जायला लागला. रुपीबाईनं शिवायला घेतला नाही, आधी दवाखान्यात जाऊन या म्हणाली. त्यांची पाण्याची साधी गाठ निघाली, पण त्यांनी येऊन हिच्या पायाला हात लावला.

आधी दवाखाना गाठायचा, हे शहाणपण तिला संगीतामुळे आलं होतं. संगीता म्हणजे आमच्या भागातली आशाताई. तीस वर्षांपुढच्या बायांचे तब्येतीचे सरकारी फॉर्म भरायला घरोघर फिरायची. घरोघर फिरण्यापेक्षा रुपीबाईच्या दुकानात बसलं तर बाया आपोआप सापडतात, हे तिच्या लक्षात आलं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. संगीता प्रश्न विचारायची, रुपीबाई स्वतःच्या टेपनं बायांच्या कमरेचं माप घेऊन सांगायची आणि वर शेराही मारायची. मग तिची स्वतःची पाळी आली. मी शेजारी बसले होते.

दारू घेता का, असं विचारल्यावर ती म्हणाली की माझ्या वाट्याची खेमसिंग घेतो. तंबाखू नाही. पोरांना दूध पाजलं का? तिघांनाही, दोन-दोन वर्षं. पहिलं मूल कितव्या वर्षी? विसाव्या. अंगाला हालचाल? ती हसली. मशीन दिवसभर चालतं आणि ते माझ्याच पायानं चालतं, शिवाय तांड्यावरून रोज चालत येते. संगीतानं मान डोलावली. शेवटचा प्रश्न राहिला होता.

"घरी कोणाले कॅन्सर झालता का?"

रुपीबाईनं मशीन थांबवून खरंच विचार केला. "नाई व. सासू म्हातारपणानं गेली. सासरा पान लागून गेला, साप चावलता. घरी कोणालेच नाई."

संगीतानं 'नाही'वर खूण केली. मग छाती कशी पाहायची ते सांगितलं: गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून काही आलं, एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी वाटली, तर दुखो न दुखो, लगेच दाखवायचं. पाळी गेल्यावर वजन वाढू द्यायचं नाही. पाळीच्या त्रासावर कुणाचं ऐकून गोळ्या घेत बसायचं नाही. रुपीबाईनं ते सगळं पाठ केलं आणि गिऱ्हाइकांना ऐकवायला लागली. नव्या बाळंतिणीला तर ती दमच द्यायची, की बाटली धरलीस तर पुढचा ब्लाउज शिवणार नाही. दूध पाजण्यात पोराचंही भलं आणि आईचंही.

स्वतःबद्दल तिला घोर नव्हता. फॉर्ममध्ये सगळं चांगलं आलं होतं.

आता शिवणकामातली एक गोष्ट सांगायला हवी. ब्लाउज शिवताना शिवणीच्या आत थोडं जादा कापड दुमडून ठेवतात. बाई अंगानं भरली तर उसवून तेवढं मोकळं करता यावं म्हणून. त्या कापडाला माया म्हणतात. रुपीबाई माया सढळ हातानं ठेवायची, त्यासाठी तिचं नाव होतं.

फॉर्म भरल्याच्या पुढच्या वर्षी तिचा स्वतःचा ब्लाउज डावीकडे आवळायला लागला. तिनं काय केलं असेल? तीस वर्षं जे केलं तेच. ब्लाउज उलटा केला, डावी शिवण उसवली, एक बोट माया सोडली आणि पुन्हा टीप मारली. दोन महिन्यांनी पुन्हा आवळला. पुन्हा थोडी सोडली. असं वर्षभर. दुसऱ्याच्या अंगावर जे एका नजरेत दिसलं असतं, ते स्वतःच्या अंगावर तिनं सुईनं मिटवलं. मी रोज समोर बसत होते. माझ्याही ध्यानात आलं नाही.

मागच्या दिवाळीत रंजिता पोरीला घेऊन आली. आईला उटणं लावायला बसली आणि डाव्या छातीशी तिचा हात थांबला. नंतर दोरीवरचा ब्लाउज तिनं उलटून पाहिला. उजवीकडे माया दोन बोटं, डावीकडे काहीच नाही. ती ब्लाउज तसाच हातात घेऊन माझ्याकडे आली. दोन्ही शिवणी तिनं माझ्यापुढे धरल्या.

आम्ही यवतमाळला गेलो, तिथून नागपूरला. खेमसिंग, रंजिता आणि मी. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलणं नीट, घाई नाही. त्यांनी रुपीबाईला विचारलं, तुमच्या आईला, मावशीला, आजीला असा काही आजार होता का?

"याडीले होता ना," रुपीबाई म्हणाली. याडी म्हणजे आई. "छातीले फोड आलता, फुटला. चाळिशीत गेली. मोठ्या मावशीले बी तसाच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हे आधी कुणाला सांगितलं होतं का, असं त्यांनी विचारलं.

"कोणी इचारलंच नाई. संगीतानं घरचं इचारलं होतं. ते तर माहेरचं झालं. माहेर आपलं घर थोडीच असते?"

लग्नाच्या दिवशी प्रत्येक पोरीला आपण जे शिकवतो, तेच तिनं इमानानं सांगितलं होतं. आणि तिच्या तांड्यात त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे, फोड म्हणायचे. फोडाला कॅन्सर म्हणतात हे तिला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

"मंग माह्यं काय चुकलं?" तिनं विचारलं. "दारू नाई, तंबाखू नाई. पोरं पाजली. वजन बी नाई."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहीच चुकलं नाही. बाई असणं आणि वय वाढणं, हीच दोन कारणं सगळ्यात मोठी, आणि ती कुणाच्या हातात नाहीत. पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, आईकडून किंवा वडिलांकडून रक्तात आलेलं, हेही हातात नाही. चालणं, वजन आटोक्यात ठेवणं, दारू टाळणं, दूध पाजणं, यानं धोका कमी होतो, संपत नाही. घराण्यात कुणाला नसतानाही पुष्कळ जणींना होतो, आणि आईला झाला म्हणून प्रत्येक लेकीला होतोच असंही नाही. पण ज्यांच्या माहेरी असा इतिहास आहे त्यांनी लवकर तपासणी सुरू करायची असते. तुमच्या लेकीनं तर आताच.

रुपीबाईचा आजार तोवर पाठीच्या हाडापर्यंत गेला होता. उपचार आयुष्य लांबवतील, एवढंच त्यांनी कबूल केलं.

दारव्ह्याला परतल्यावर संगीता आली. ती दाराशीच उभी राहिली. तिच्या हातात तोच जुना फॉर्म होता. रुपीबाईनं तिला आत ओढलं, चहा दिला आणि म्हणाली की तू तुझं काम केलंस, मी माझं उत्तर दिलं, आता पुढच्या बाईला माहेर विचार. त्या दिवसापासून संगीता तो प्रश्न तीनदा विचारते. तुमच्या आईला? मावशीला, आजीला? वडिलांच्या बहिणींना? बाया कंटाळतात. ती विचारतच राहते.

पुढच्या आठ-नऊ महिन्यांत रुपीबाईनं स्वतःच्या दुखण्याबद्दल फारसं काही विचारलं नाही. तिचा सगळा जीव एका गोष्टीत अडकला होता: रंजिताची तपासणी. आणि तीच होत नव्हती. पुसदला रंजिताची सासू म्हणायची, दुखत नाही खुपत नाही, कशाला सोंग? घरात नात वाढतेय, उद्या तिची सोयरीक जमवताना लोक हेच काढतील. रंजिता स्वतः भ्यायलेली. याडी, तू बरी हो, मग जाऊ, म्हणायची. रुपीबाईनं फोनवर समजावलं, रागावली, एकदा जेवण सोडलं. शेवटी मुंबईची नाही, लांबची नाही, आपल्या यवतमाळचीच तारीख घेतली गेली. श्रावणातला मंगळवार. मी स्वतः जाऊन नाव लिहून आले.

त्याच्या आदल्या आठवड्यात रुपीबाईनं अंथरूण धरलं. मशीन कापडानं झाकलं. खेमसिंग दिवसभर उंबऱ्यावर बसायचा. पिणं त्यानं सोडलं होतं, पण आता त्याला कुणी विचारत नव्हतं. रंजिता पुसदहून आली.

सोमवारी दुपारी रुपीबाई गेली.

मंगळवारी सकाळी तांड्यावर माणूस मावत नव्हतं. बाया एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडत होत्या. त्या रडण्यात गेलेल्या माणसाचा सगळा जन्म सांगतात. मी रंजिताला बाजूला घेतलं. जीप उभी आहे, म्हटलं, दोन तासांचं काम, मी सोबत येते, अंत्यविधीच्या आत परत आणते. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण तिला ऐकू गेलं की नाही कळेना. तिच्या सासरची माणसं ऐकत होती. एक म्हातारा म्हणाला, आईला घरात टाकून लेक छाती दाखवायला जाते का? तुझ्या आईचंच सांगणं आहे, असं मी दुसऱ्यांदा सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. हजार माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज होता माझा. त्या दिवशी तो चार हातांवर पोचला नाही. रंजिता आईच्या पायाशी जाऊन बसली. जीप रिकामी गेली.

नवी तारीख दिवाळीनंतरची मिळालीय. मी आठवड्याला फोन करते. रंजिता हो म्हणते. सासू शेजारी असली की फोन लवकर ठेवते. रुपीबाईची दोन मुलं आहेत, त्यांना लेकी आहेत, त्यांनाही कुणीतरी सांगायला हवं. मी चौऱ्याहत्तरची. मला एकटीला कुठवर पुरणार?

शनिवारी, म्हणजे जाण्याच्या दोन दिवस आधी, मी तिच्यापाशी बसले होते. रंजिता चहा करायला आत गेली होती. रुपीबाईनं माझा हात धरला. पुढं ती कुणाशी बोलली नाही. त्या दिवशी ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, रंजिताला वाचायला मिळावं म्हणून.

"विमलताई, मंगळवारी मी मेली असन, तरी पयले रंजीले यवतमाळले पाठवजा. मले उचलाले माणसं लय हायेत."