अकरा घरांवरून गेलेली रेघ

पट्टीकाकांनी जन्मभर एका खुर्चीत बसून काम केलं आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या पायाला भिंगरी लागली. धरणं बांधणाऱ्या खात्यात ते नकाशे काढायचे. रेघ इतकी सरळ यायची की कचेरीत कोणीतरी 'पट्टी' म्हणायला लागलं आणि खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. आता त्यांनी जुनी मोटारसायकल उघडून, घासून, पुन्हा जोडली आणि जाहीर केलं, की पाच दिवसांत तिन्ही मोठ्या तळ्यांना वळसा घालून यायचं. "साठी बुद्धी नाठी," मुलगा म्हणाला. काकूंनी मात्र मागच्या सीटवर उशी बांधली आणि मुकाट्याने बसल्या.

मुकाट्याने म्हणजे गाडी थांबेपर्यंत. काकू प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. दिसेल त्याला प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. पहिल्या तळ्यावर नाववाल्याने त्यांना सांगितलं, की पूर्वी दोन्ही काठांची घड्याळं पाव तासाने वेगळी चालत, कारण कोणीच दुसऱ्याची वेळ मानायला तयार नव्हतं. दुसऱ्या तळ्यावर कळलं, की दीपगृहाचा राखणदार वारल्यावर त्याच्या बायकोने नऊ वर्षं दिवा लावला आणि वरच्या कचेरीतून पत्रं नवऱ्याच्याच नावाने येत राहिली. काकू हे सगळं वहीत उतरवून घेत. काका टायरमधली हवा बघत.

तिसऱ्या तळ्याची काकांना घाई झाली होती. ते तळं म्हणजे धरणाचं अडवलेलं पाणी. चाळीस वर्षांपूर्वी त्याचा नकाशा त्यांच्याच हातून उतरला होता, पण तळं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"हा काठ मी काढलाय," वाऱ्यात मान वळवून ते म्हणाले.

"देवाने नाही वाटतं?"

"पाणी देवाचं. काठ माझा."

उत्तरेच्या बाजूला काकूंची पाठ धरली म्हणून ते थांबले. धक्क्यालगत पत्र्याची शेड होती आणि आत साठीची एक बाई फाटकं जाळं सांधत बसली होती. तिने बाकडं पुढे सरकवलं. काकूंनी पाणी प्यायल्या प्यायल्या विचारलं, "इथे पूर्वी काय होतं हो?"

बाईने हातातली सुई पाण्याकडे केली. "आमची अकरा घरं."

तिने सांगितलं ते असं. धरण होणार हे सगळ्यांना माहीत होतं. साहेब नकाशा घेऊन आला होता. म्हणाला, तुमची घरं रेघेच्या बाहेर आहेत, निवांत राहा. ती माणसं निवांत राहिली. धरणाची दारं बंद झाली आणि अठराव्या दिवशी दुपारी ओढ्यातून पाणी उलटं चढायला लागलं. माणसं टेकाडावर पळाली. तिची थोरली बहीण शिलाई मशीन आणायला परत गेली. मातीची भिंत भिजून फुगली होती, ती तिच्यावर कोसळली आणि बहीण तिथेच गेली.

काकूंचा पेन थांबला.

"असं होणार नाही," काका म्हणाले. बोलायला नको होतं, पण चाळीस वर्षांची सवय बोलली. "ती रेघ उंची मोजून काढलेली असते, बाई. गफलत होत नाही."

बाई रागावली नाही. तिने खुंटीवरची पत्र्याची नळी काढली, साहेब ठेवून गेला होता ती नकाशाची निळी प्रत बाकड्यावर पसरली आणि चारी कोपऱ्यांवर जाळ्याची शिशाची वजनं ठेवली. "बघा मग."

काकांनी चष्मा लावला. आधी त्यांना सातचा आकडा दिसला, पोटात आडवी रेघ मारलेला. असा सात कचेरीत ते एकटेच काढत. मग काठाची रेघ दिसली. प्रत्येक ओढ्यापाशी ती बोटासारखी आत जाऊन परत येत होती, कारण पाणी उंची बघून चढतं. फक्त या एका ओढ्याच्या तोंडावरून ती सरळ, पट्टीने ओढल्यासारखी पार झाली होती.

 त्यांना सगळं आठवलं. मूळ कागद इथे घडीवर झिजून गेला होता, पेन्सिल उडाली होती. मोजणीच्या वह्या खालच्या मजल्यावर होत्या. जिना उतरून बघायला हवं होतं. ते उतरले नाहीत. दोन टोकं जोडून टाकली.

काकूंनी कोपऱ्यातली तारीख वाचली. "याच्या दोनच दिवसांनी आपलं लग्न होतं," त्या हलकेच म्हणाल्या.

"ही रेघ माझी आहे," काका बाईला म्हणाले. "मूळ कागद तिथे झिजला होता. मी विचारलं नाही कोणाला. सरळ जोडली."

बाईने सुई जाळ्यात खोचली. मग उठून मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. काकू म्हणाल्या, "निघायचं का?"  काका बाकड्यावरून उठले नाहीत.

बाई आली ती कोरा कागद घेऊन. डोळे कोरडे होते. "चाळीस वर्षं आम्ही कचेरीला सांगतोय, नकाशा चुकलाय. ते म्हणतात, नकाशा चुकत नसतो, तुम्ही नंतर येऊन बसला असाल. बुडालेल्यांच्या यादीत आमचं नाव नाही. बहिणीचंही नाही. आत्ता सांगितलंत ते लिहून द्या."

काकांनी लिहिलं. तीन ओळींनंतर अक्षर वाकडं जायला लागलं, तेव्हा पुढचं त्यांनी सांगितलं आणि काकूंनी लिहिलं. सही मात्र त्यांनीच केली.

उरलेला वळसा झालाच नाही. दुसऱ्या दिवशी ते जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. तिथला तरुण साहेब गोंधळून म्हणाला, "काका, निवृत्त माणसाने हे अंगावर का ओढून घ्यायचं?" काका म्हणाले, "मोजणीच्या वह्या काढा." वह्या निघायला चौदा महिने लागले. दर महिन्याला काका जात आणि बाकावर बसत. अखेर अकरा घरं यादीत लागली. बाराव्या ओळीत बहिणीचं नाव आलं.

यादी त्यांनी स्वतः नेऊन दिली. बाईने ती दोनदा वाचली, एक नाव चुकीचं लिहिलंय म्हणाली आणि ते बरोबर करून आणायला सांगितलं. 'झालं गेलं विसरा' असं ती म्हणाली नाही. काकांनीही तशी आशा धरली नव्हती. त्या उन्हाळ्यात पाणी खूप आटलं, तेव्हा काकूंना तिचा फोन आला. "त्यांना टेप घेऊन पाठवा. घरांचा पाया दिसतोय."

काका गेले. गुडघाभर चिखलात टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं तिने. ती एकेक घर दाखवत गेली. हे लोहाराचं, हे आत्याचं, इथे आमचं दार. काका मापं घेऊन कागदावर मांडत होते आणि प्रत्येक रेघेआधी तिला विचारत होते, "इथपर्यंतच ना?"