केशरचा हिरवा दिवा

नंदिगड्ड्याच्या पलीकडे, भर रानात नागूचं एकटं घर. भातशेती, थोडी सुपारी आणि नाकाच्या शेंड्यावर राग. बायकोवर, केशरवर, तो दिवसातून दहा वेळा खेकसायचा आणि तिच्यावाचून त्याचं पानही हलत नसे. दोन वर्षांपूर्वी केशरच्या छातीत दुखलं. दांडेलीच्या डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा दुखलं तर वेळ घालवू नका, लगेच गाडी बोलवा. बोलवणार कशी? फोनला रेंज मिळायची ती तासभर डोंगर चढल्यावर.

म्हणून जावई सुदेशने चैत्रात छपरावर लोखंडी पाइप उभा करून अँटेना बसवला. त्याची वायर घरात, सिम घातलेल्या डब्याला. डब्यावरचा दिवा लाल असला की घरातला फोन म्हणजे नुसतं खेळणं. हिरवा झाला की फोन लागलाच म्हणायचा.

वाऱ्याने पाइप फिरायचा. मग नागू छपरावर, केशर डब्यापाशी. तो पाइप जरासा फिरवून विचारी, "आला काय गं?" खालून ती, "न्हाई." दिवा हिरवा झाला की मात्र ही बाई नवऱ्याला सांगायचं विसरून आधी बेळगावच्या लेकीला, पूर्णिमाला, फोन लावायची. तिचं "न्हाई" थांबलं की नागूने आपलं ओळखायचं. "मी हितं माकडावानी लटकतोय, अन् हिच्या गप्पा सुरू!" असं पुटपुटत तो उतरायचा.

चैत्रात झाडं बोडकी होती, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आषाढात समोरचं किंदळाचं झाड पानांनी गच्च भरलं, रेंज अडली आणि दिवा लाल तो लालच.

"फांद्या तोडा की," केशर म्हणाली.

"लावणी होऊ दे," नागू म्हणाला.

लावणीच्या चौथ्या दिवशी सकाळी केशर छाती धरून खाली बसली. शेजार ओढ्यापलीकडे, ओढा दुथडी भरलेला. तिला एकटं टाकून डोंगर चढायचा कसा? नागू शिडीकडे धावला.

"आला काय गं?"

"न्हाई."

त्याने पाइप फिरवला, उचलून धरला. "आला?"

"न्हाई..."

"आता?"

उत्तर आलं नाही.

नागूच्या जिवात जीव आला. ती गाडीला फोन लावतेय, असंच त्याला वाटलं. पुन्हा हलायला नको म्हणून त्याने पाइपला तारेचे पाच वेढे घातले, पकडीने आवळले. मग सावकाश, कौलं न फोडता उतरला. कौलं न फोडता! त्या सावकाशीसाठी तो स्वतःला आजही शिव्या घालतो.

दिवा हिरवा होता. केशर भिंतीला टेकलेली, फोन मांडीवर, डोळे दिव्याकडे. फोन तिने कुणालाच लावला नव्हता. नागूने हाक मारली, गालाला हात लावला, आणि त्याला कळलं.

तिच्या मांडीवरचा फोन घेऊन त्याने लेकीला लावला. तिने लगेच उचलला.

"आई, आली व्हय रेंज?" पूर्णिमा हसत होती. "बोल की. बाबा अजून छपरावरच हायत काय?"

"न्हाई," नागू म्हणाला.