लिफ्टमधून शेवटी निघालेले काका

मंडळी, आज दुपारी चिखलीतल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच बंद पडली. आत मी, कडेवर बाळ घेतलेली शेजारची स्नेहल आणि बी विंगचे पेंदोर काका. दिवा गेला, पंखा थांबला. हवा संपत चालली आहे असंच वाटू लागलं.

त्यात काका खोकायला लागले. एकेक श्वास ओढून घेत होते.

बऱ्याच वेळाने वॉचमनने वरचं दार उचकटलं, तर माणूस जेमतेम सरपटत निघेल एवढीच फट.

"काका, आधी तुम्ही," मी दरडावून सांगितलं.

"नाई जी. लेकराची माय पयले, मंग तुमी."

"अहो, दम लागलाय तुम्हाला! हट्ट कसला करता?"

"चंद्रपूरले कोळशाच्या खाणीत सरदार होतो मी, अख्खी टोळी माझ्या हाताखाली. सरदार पयला वर गेला तं खालच्याइची आशाच सुटते. चढा आता!"

मी सहसा कुणाचं ऐकत नाही. आज स्नेहलच्या मागोमाग चढले.

खाली अंधारात ते एकटे राहिले. मध्येच खोकला थांबला. मी फटीत डोकं घालून हाका मारल्या. मग फटीतून एक हात वर आला. तो धरून आम्ही त्यांना बाहेर ओढलं.

खाणकामगारांसाठी देशाने एक राष्ट्रीय दिवस पाळलाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशी भाषणं कमी करा आणि खाणीतल्या धुळीने भरलेल्या त्यांच्या छात्या तपासा.

सोसायटीत आम्ही सगळे त्यांना आजवर 'खोकणारे काका' म्हणत होतो. तुमच्या इमारतीतही असं कुणी राहत असेल. त्यांना तुम्ही काय म्हणता?