मामाची यादी आणि आईची खळ

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक यादी होती. कॅलेंडर बदलायचं, भिंतीचा रंग बदलायचा, यादी मात्र उतरवून पुन्हा तिथेच लागायची. दूध, अंडी, गहू, मासे, अक्रोड, शेंगदाणे, सोयाबीन, तीळ, केळं, टोमॅटो, मध. या अकरा गोष्टी मामाला चालत नसत, म्हणून त्या आमच्या घरात येत नसत. उकडलेलं अंडं आतून पिवळं असतं हे मला शाळेत मैत्रिणीच्या डब्यात कळलं. मी तिला म्हणाले, "खराब झालंय, टाकून दे."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, धंद्यानं बाइंडर. घराच्या खालच्या खोलीत त्याचं दुकान. आजी-आजोबा लवकर गेले, त्यामुळे आई सासरी आली ती या भावाचा हात धरूनच. बाबांनी कधी तक्रार केली नाही. होते तोवर ते बिचारे बाहेर काय हवं ते खाऊन यायचे आणि दारातल्या नळावर तोंड धुऊन मगच घरात शिरायचे. आई तरीही वास घ्यायची. नवऱ्याच्या शर्टाचा वास घेणाऱ्या बायका पुष्कळ असतील, पण मासे शोधण्यासाठी घेणारी आईच.

या यादीची सुरुवात झाली तेव्हा मामा सहा वर्षांचा होता आणि आई चौदाची. शेजारच्या घरी केक आणला होता. आईनं आपल्या वाटणीचा तुकडाही लाडक्या भावाला भरवला. पाच मिनिटांत त्याचे ओठ सुजले, डोळे मिटले आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. दवाखाना जवळ होता म्हणून वाचला. तेव्हा तपासण्या वगैरे कोण करतो! केकमध्ये काय काय होतं ते आईनं शेजारणीला विचारलं. मैदा, दूध, अंडी, अक्रोड. चारही बंद.

मग यादी वाढत गेली. केळं खाल्ल्यावर एकदा घसा खवखवला, केळं गेलं. टोमॅटो खाल्ला त्या दिवशी अंगावर गांध्या उठल्या. डासांमुळे असतील, असं मामा म्हणाला, पण त्याचं कोण ऐकतो? मधानं काय गुन्हा केला होता ते मला आजवर समजलेलं नाही. आई एकदा सुतावरून स्वर्गाला निघाली की तिला मधे थांबवायची सोय नव्हती. मामानंही कधी ब्र काढला नाही. भात, बटाटे, गाजर, भोपळा यांवर हा माणूस पन्नाशी ओलांडून गेला, आणि दिसायला झाला अगदी पाप्याचं पितर. त्याच्या दुकानात सगळ्यात जाड वस्तू म्हणजे शब्दकोश.

काम मात्र देखणं. फाटकी पुस्तकं लोक त्याच्याकडे आजारी माणसाला आणावं तशी जपून आणायचे. तो फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, सुटे करायचा, दाभणानं भोकं पाडून दोऱ्यानं शिवायचा, पुठ्ठा चढवायचा आणि लोखंडी प्रेसचं चाक पिळून पुस्तक दाबून ठेवायचा. चिकटवायला लागायची ती खळ आई रोज सकाळी वर आमच्या शेगडीवर शिजवायची, त्या यादीच्या बरोबर खाली. पीठ पाण्यात कालवायचं, गुठळ्या मोडायच्या, मंद आचेवर हलवत राहायचं, शेवटी कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. मामा दिवसभर त्या खळीत कोपरापर्यंत बुडालेला असायचा.

गेल्या वर्षी प्रेसचं चाक पिळताना त्याचं मनगट मोडलं. पडला नाही, आपटला नाही. चाक घट्ट बसलं आणि मनगट सुटलं, एवढंच. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून वय विचारलं. मामा म्हणाला, चोपन्न. डॉक्टर म्हणाले, हाडं सत्तरीची आहेत. खाण्यात बदल झाला नाही तर दुसरं मनगट याच वाटेनं जाईल, आणि मग चाकाला हात लावायचं विसरा. त्या दिवशी मामा जेवला नाही. पुस्तकांशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही आवडतही नव्हतं.

डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. आईनं यादीची नक्कल सोबत घेतली होती. बाईंनी ती वाचली, मामाकडे पाहिलं, पुन्हा यादी वाचली.

"काका, मग तुम्ही खाता काय?"

"ताई देते ते."

बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दंडाचा घेर मोजायला मामाचा चांगला हात पुढे घेतला आणि त्याच्या नखांकडे बघत राहिल्या.

"हे पांढरं काय आहे?"

"खळ आहे. कितीही धुतली तरी राहते थोडी."

"कशाची असते खळ?"

"पिठाची," आई म्हणाली. "मीच शिजवते."

"कसलं पीठ?"

"मैद्याचं."

बाईंनी यादीतल्या तिसऱ्या शब्दावर, 'गहू'वर, पेन टेकवलं. आईनं वाकून तो शब्द वाचला, जणू दुसऱ्याच कुणी लिहिला होता. मी खोटं सांगत नाही, मलाही तोवर हे सुचलं नव्हतं. आमच्या घरी मैदा कधी आलाच नव्हता. यायचं ते खळीचं पीठ.

"किती वर्षं या हातांनी काम करताय?"

"पस्तीस," मामा म्हणाला आणि हसायलाच लागला. तो हसतोय म्हणून मीही हसले. आई हसली नाही.

"यावरून काही सिद्ध होत नाही हं," बाई घाईनं म्हणाल्या. "घरी काही खाऊन बघू नका. पण संशय घ्यायला जागा आहे. आधी तपासणी करू."

ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंनी मामाच्या हातावर अकरा ठिपके टोचले. पंधरा-वीस मिनिटं आम्ही तिघं त्या हाताकडे टक लावून बसलो. दहा ठिपके तसेच पडून राहिले. अक्रोडाचा मात्र टम्म फुगला. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ शब्दांत सांगितलं, अक्रोड आणि त्याचे भाऊबंद जन्मभर बंद, वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही आणि श्वास अडकलाच तर टोचून घ्यायचं इंजेक्शनचं पेन कायम खिशात. बाकीचं एकेक करून परत आणू. सुरुवात अंड्यापासून, आणि तीही इथेच, आमच्या डोळ्यांसमोर.

रात्री भांडी लावताना आई म्हणाली, "अंडं बाधलं नाही तर?"

"तर चांगलंच ना!"

"हो, चांगलंच," ती म्हणाली, आणि एकच ताट तीनदा पुसलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंडं बाधलं तर भावाची हाडं जाणार होती. नाही बाधलं तर अठ्ठेचाळीस वर्षं त्याला उपाशी ठेवणारी ती ठरणार होती. मला तिची इतकी दया आली की तिच्यावर रागवायचं ठरवलेलं सगळं मी गिळून टाकलं.

ठरल्या दिवशी सकाळी नर्सनं उकडलेली दोन अंडी आणली. पहिला घास वाटाण्याएवढा. मग वीस मिनिटं थांबायचं, नाडी बघायची, पुढचा घास थोडा मोठा. मामा परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला होता. आई त्याचे श्वास मोजत होती, आणि तिचे मी.

"कसं लागतंय?" मी विचारलं.

"पुठ्ठ्यापेक्षा मऊ आहे," मामा म्हणाला.

चौथ्या घासाला त्याला खोकला आला. आई अशी ताडकन उठली की खुर्ची मागे पडली. "डॉक्टर! डॉक्टर!" डॉक्टरीणबाई धावत आल्या, छाती तपासली, घशात बॅटरी मारली.

"पिवळा बलक कोरडा असतो हो," त्या म्हणाल्या. "पाणी द्या त्यांना."

दुपार होईपर्यंत मामानं एक अख्खं अंडं संपवलं. पुढचे दोन तास लक्ष ठेवून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही नाही, अगदी ठणठणीत. माझा जीव भांड्यात पडला. आईनं मात्र तोंडाला पदर लावला आणि ती रडायला लागली.

"मीच खाल्ली रे तुझी हाडं. दूध मागायचास, मी तुझा हात मागे ओढायची."

मामाला बोलायची सवय कमी. त्यानं प्लास्टरचा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. "अक्रोड फुगला की नाही? मग? दहा जास्त धरलेस म्हणून अकरावा सुटला नाही. मी बसलोय ना इथे?"

आई रडायची थांबेना. तेव्हा मामानं एकदम विचारलं, "ताई, तू शेवटचं अंडं कधी खाल्लंस?"

"मी? मी कशाला खाईन?"

"दूध?"

"घरात कुठे होतं?"

"बाहेर? कुणाकडे गेल्यावर?"

"तू समोर बसलेला असायचास ना रे," आई म्हणाली. "आणि नसलास तरी आठवायचास."

मामाला यादी तोंडपाठ होती, पण त्या यादीत दोन माणसं जेवत होती हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी त्याच ताटांशेजारी वाढले. त्यानं दुसरं अंडं उचललं, एका हातानं ते सोलणं काही जमेना, म्हणून मी सोलून दिलं. ते त्यानं आईपुढे धरलं.

आईनं नर्सकडे पाहिलं. "मी खाल्लं तर चालेल?"

"तुम्हाला कशाची ॲलर्जी आहे, आजी?"

आई विचारात पडली. हा प्रश्न तिला कधी कुणी विचारलाच नव्हता.

"मला?" ती म्हणाली. "मला कशाचीच नाही."

मग तिनं अंडं हातात घेतलं आणि मीठ मिळेल का विचारलं.