वरच्या थरातले अणू

मी भुतालाही भीत नाही. पण आमच्या प्रयोगशाळेतल्या नखाएवढ्या ऑक्साइडच्या खड्याला टरकतो. झाडू मारताना तो आरशासारखा गुळगुळीत दिसायचा. आज मॅडमनी यंत्रात घालून पडद्यावर त्याचे अणू दाखवले, तर वर नुसते खड्डे, मधले ऑक्सिजन गायब!

"आतल्या अणूंना चहूबाजूंनी धरणारं असतं. वरच्यांच्या डोक्यावर कुणीच नाही, म्हणून ते जागा सोडतात," मॅडम म्हणाल्या.

मला घाम फुटला. यंदा आई गेली. आता माझ्याही डोक्यावर कुणी उरलं नाही. मीही असाच सरकणार? भीतीनं मी समोरचं टेबल घट्ट धरलं. पडद्यावरचे सगळे अणू लटलटले.

"मॅडम, सुटले बघा!"

"काही सुटलं नाही, काका. तुमचे हात थरथरतायत. यंत्राचं टेबल सोडा आधी."